आईचा अंगठा आणि संरक्षणाचं बजेट

परवा आईला घेऊन हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. नोव्हेंबर महिना म्हणजे आमच्या भागात पेन्शनवाल्यांची जत्राच. कानटोपी घातलेले रिटायर्ड हवालदार, काठी टेकत आलेले नाईक, आणि आईसारख्या फॅमिली पेन्शनवाल्या बायका. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पीपीओ, आधार कार्ड, दोन फोटो. फोटो आता कुणी मागत नाही, तरी आणतात.

आईचा अंगठा मशीनवर उठेना. चार वेळा पुसून बघितला, क्रीम लावून बघितलं. सेंटरवरचा पोरगा म्हणाला, "मावशी, रेषाच गेल्यात तुमच्या." आई म्हणाली, "जातील न्हाय तर काय, चाळीस वर्षं खुरपं धरलंय." सैनिकांच्या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीचं नाव 'स्पर्श' आहे. नेमका स्पर्शच लागेना. शेवटी मोबाईलसमोर चेहरा धरला, आईनं दोनदा डोळे मिचकावले, आणि ती हयात आहे हे भारत सरकारला कळलं.

रांगेत दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती. एक म्हणत होते, "पाकड्याचं काय खरं न्हाय, अजून विमानं घ्याय पायजेत." दुसरे म्हणाले, "घ्या की, पण आधी आमचं एरियर द्या म्हणावं." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना गाडीवर तेच डोक्यात घोळत राहिलं, कारण देशाच्या संरक्षण बजेटमधलं सगळ्यात मोठं भांडण या दोघांनी दोन वाक्यांत मांडलं होतं.

आपण टीव्हीवर बघतो ते असं: शत्रूनं काहीतरी केलं, म्हणून खर्च वाढला. पाकिस्तान, चीन, सीमा, क्षेपणास्त्र. हे खोटं नाही. पण एवढंच खरं धरलं तर हिशेब लागत नाही. महासत्तांचं सोडा, त्यांना जगभर पाय पसरायचे असतात. आपल्यासारख्या मधल्या खिशाच्या देशांचा (माणसांनी मोठे असलो तरी खिसा मधलाच) संरक्षण खर्च कशानं वाढतो, कशानं थांबतो, हे बघायला दिल्लीला जावं लागत नाही. सातारा-सांगलीत बसून दिसतं. माझ्या तर घरातच दिसतं.

सुरुवात १९६२ पासून करतो, कारण आमच्या घराची सुरुवातही तिथूनच आहे.

चीननं मार दिला, कृष्ण मेनन गेले, आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावलं. जन्म देवराष्ट्र्याचा (तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली), घर कराडचं. २१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी संरक्षण खातं हाती घेतलं, आणि त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. सह्याद्री धावला तेव्हा सोबत बिल घेऊन गेला, ते मात्र शाळेत सांगत नाहीत.

१९६२-६३ च्या बजेटात संरक्षणाला पावणेचारशे कोटींच्या घरात रक्कम होती. पुढच्या वर्षी, १९६३-६४ ला, ती ८६७ कोटी झाली. एका वर्षात दुपटीहून जास्त. १९६४ ला पाच वर्षांची संरक्षण योजना आली: सव्वाआठ लाखांचं सैन्य, पंचेचाळीस स्क्वाड्रनचं हवाई दल, डोंगरात लढणाऱ्या दहा डिव्हिजन. त्याआधी आपलं सैन्य साडेपाच लाखांच्या आसपास होतं. म्हणजे लाखोंच्या संख्येनं पोरं लागणार होती.

त्यातलं एक पोरगं माझे वडील. खटाव तालुक्यातलं कोरडवाहू गाव, वय अठरा, साल १९६४. छाती फुगवून मापात बसवली आणि बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले. देशप्रेम होतंच, पण आजोबा काय म्हणाले होते ते वडील शेवटपर्यंत सांगायचे: "एक खाणारं तोंड कमी झालं, आन् एक कमावणारं वाढलं." ७२ च्या दुष्काळात आमचं घर मनीऑर्डरीवर जगलं. गावातली अर्धी माणसं खडी फोडायला गेली, आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. वडील हवालदार म्हणून रिटायर झाले, पेन्शन सुरू झाली, आणि त्या पेन्शनमधून २००१ साली माझा पत्रकारितेचा डिप्लोमा झाला. संरक्षण खर्चावर टीका करणारा माझ्यासारखा पत्रकारही संरक्षण खर्चातूनच तयार झालाय, हे आधी कबूल करून टाकतो.

आता दुसरी बाजू. माझी सासरवाडी विट्याकडची. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, हे सांगलीकरांना सांगायला नको. सोन्या-चांदीच्या पेढ्यांच्या मागं छोटी भट्टी लावून धातू शुद्ध करून द्यायचा. माझे आजेसासरे तेव्हा तिकडं मद्रास राज्यात होते. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. परकीय चलन बाहेर जाऊ नये, सोन्याची चोरटी आयात थांबावी, असा विचार. लढाईनं तिजोरीला भोक पडलेलं. देशभरातले सोनार एका रात्रीत बेकार झाले, काहींनी जीव दिले. सोनारच बसला तर गलाईवाला काय गाळणार? आजेसासरे भट्टी विकून गावी आले, दोन वर्षं दुसऱ्याच्या रानात राबले. सासूबाई अजून म्हणतात, "चौदा क्यारटानं आमचं वाटोळं केलं." सुवर्ण नियंत्रणाचा कायदा पुढं १९९० पर्यंत राहिला.

म्हणजे एकाच लढाईचं बिल. माझ्या घरात त्यातून मनीऑर्डर आली, बायकोच्या घरातून त्यापायी भट्टी गेली. सक्तीची बचत योजनाही त्याच काळातली. लोकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले ते आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. पण दिलेलं आणि घेतलेलं यात फरक असतो.

यशवंतरावांबद्दल अजून एक गोष्ट, आणि ती त्यांच्यावर टीका म्हणून नाही. १९६३ ला ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. आणि १९६४ ला मिग विमानांचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला. नाशिकची जुनी माणसं आजही याला यशवंतरावांची परतफेड म्हणतात. त्याच सुमारास भंडाऱ्याला, वरणगावला दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिले. सीमेपासून लांब असणं हा विचार त्यात होताच. पण एकदा ओझरला कारखाना झाला की हजारो घरांची चूल त्यावर पेटते, मग तो कारखाना बंद करा म्हणायची कुणाची छाती आहे? विमान जुनं होतं, कारखाना जुना होत नाही.

इथंच गोम आहे. भीतीनं खर्च वर चढतो. चढला की त्याला खाली धरून ओढणारं कुणी नसतं, कारण तोवर तो कुणाचा तरी पगार झालेला असतो.

श्रीलंकेचं बघा. प्रभाकरन २००९ ला मारला गेला, लढाई संपली. दुसरा शत्रू नाही, चारी बाजूंनी समुद्र. तरी सैन्य दोन लाखांच्या आसपास तसंच राहिलं. का? खेड्यातल्या गरीब पोराला दुसरी नोकरी नव्हती म्हणून. शेवटी २०२२ ला देशच दिवाळखोरीत गेला, तेव्हा कुठं जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं जाहीर केलं की २०३० पर्यंत सैन्य एक लाखावर आणू. तेरा-चौदा वर्षं शांतता असून जे झालं नाही, ते तिजोरी रिकामी झाल्यावर झालं. पाकिस्तानची उलटी तऱ्हा. २०२५-२६ ला त्यांनी एकूण बजेट सात टक्क्यांच्या आसपास कमी केलं आणि संरक्षण वीस टक्क्यांनी वाढवलं. मे महिन्यात जे झालं त्यानंतर तिथं नाही म्हणणार कोण? शिवाय सैनिकांची पेन्शन ते संरक्षणाच्या आकड्यात धरतच नाहीत, मुलकी खर्चात टाकतात. म्हणजे आकडा आहे त्याहून बारीक दिसतो. आपल्याकडं सासूपासून साडीची किंमत लपवतात तशातला प्रकार.

आपल्याकडं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपण देशाच्या उत्पन्नाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास संरक्षणावर घालत होतो. १९९१ नंतर ते उतरत गेलं. आता, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, दोन टक्क्यांच्या आत आहे. १९९१ ला शत्रू नाहीसा झाला होता का? उलट काश्मीर पेटलेलं होतं. नाहीसा झाला होता तो पैसा. सोनं गहाण टाकायची वेळ आली, आणि रुपयात, उधारीवर हत्यारं देणारा सोव्हिएत रशिया कोसळला. दुकानदारानं उधारी बंद केली की गिऱ्हाइकाची भूक आपोआप कमी होते. मधल्या देशांचं हेच. हत्यारं दुसऱ्याकडून घ्यायची, तर खर्च किती करायचा हे थोडं तो विकणाराही ठरवतो.

टक्का उतरला, पण रुपया वाढतच गेला. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार कोटी. आता हे पैसे जातात कुठं? विमानं, रणगाडे, जहाजं, म्हणजे नवीन खरेदी, यासाठी १ लाख ८० हजार कोटी. आणि पेन्शनसाठी १ लाख ६१ हजार कोटींच्या आसपास. रुपयातले सव्वीस पैसे हत्यारांना, आणि चोवीसला थोडे कमी पैसे माझ्या आईसारख्यांना. त्यात चालू पगार धरले तर निम्म्याहून जास्त रुपया माणसांवर जातो. दहा वर्षांपूर्वी पेन्शनचा आकडा साठ हजार कोटींच्या घरात होता. मग 'एक पद एक पेन्शन' आलं, वेतन आयोग आला, माणसांचं आयुष्य वाढलं. सगळं रास्तच. ज्यानं सियाचीनला पाय गमावला त्याला पेन्शन मोजून द्यायची का?

पण रांगेतले ते दोन म्हातारे याच्यावरच भांडत होते. विमान की एरियर. गंमत अशी की दोघांनाही दोन्ही पाहिजे होतं.

मी हे सगळे आकडे घेऊन २०२२ च्या जूनमध्ये एक लेख लिहिला होता. १४ जूनला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, शंभरातली पंचवीस पोरं पुढं ठेवायची, बाकीची साधारण पावणेबारा लाख रुपये घेऊन घरी. पेन्शन नाही. पहिल्या वर्षी ४६ हजार भरती. मी लिहिलं की योजना कडू आहे, पण हिशेबाला धरून आहे. पेन्शन अशीच वाढत राहिली तर उद्या बंदुकीला गोळ्या घ्यायला पैसे राहणार नाहीत. लेखाचं कौतुक झालं. पुण्याच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचा फोन आला. मी कॉलर ताठ करून दोन दिवस फिरलो.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. ती माण तालुक्यात दिलेली. तिचा पोरगा तीन वर्षं पहाटे साडेचारला उठून म्हसवड रोडला पळत होता. कोविडमध्ये भरतीच झाली नाही, वय निघून चाललेलं. ती चिडली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, "दादा, तू लिहिलंस ते बरोबरच असणार, तू शिकलेला हायस. पण आबांच्या पेन्शनीवर तू शिकलास, माझं लग्न झालं. माझ्या पोराच्या वेळंलाच कसा देशाचा पैसा संपला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

भाचा पहिल्या तुकडीत लागला. जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला गेला. पुढच्या वर्षअखेरीस त्याची चार वर्षं भरत येतील. पंचविसात येतोय का पंच्याहत्तरात, हे त्याला माहीत नाही, त्याच्या कंपनीतल्या कुणालाच माहीत नाही. मागच्या सुट्टीत त्याला एक स्थळ आलं होतं. पोरगी डी.एड. झालेली, घर चांगलं. पोरीच्या बापानं चहा घेतला, पोहे खाल्ले आणि सरळ विचारलं, "पर्मनंट हाय का चार वर्षांचं?" पंधरा वर्षांपूर्वी आमच्या भागात मिलिटरीवाला जावई म्हणजे डोळे झाकून पोरगी द्यायचे. त्या माणसाला मी दोष देत नाही. तो बजेटच वाचत होता, फक्त वेगळ्या पद्धतीनं.

आता कुणी म्हणेल, सैन्य म्हणजे रोजगार हमी आहे का? नाही. आणि मी तसं म्हणतही नाही. पण शंभर वर्षं आपण तेच समजून चाललोय, आणि प्रत्येक सरकारनं ते समजू दिलं. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, ज्याच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं मेली. इंग्रजांच्या लढाईत, कुठल्या कुठल्या मुलखात. ती काय साम्राज्यावरच्या प्रेमानं गेली असतील? देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ ला साताऱ्यालाच निघाली. आजही माण-खटाव, जत-आटपाडीकडं फिरा, गावोगावी भरतीच्या अकॅडमीचे बोर्ड आहेत. बोर्डावर वर्दीतल्या पोराचा फोटो, खाली फी. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात तेवढे दिसत नाहीत. माझा वीस वर्षांच्या बातमीदारीतला अनुभव सांगतो, आकडेवारी म्हणून घेऊ नका: रानात पाणी आलं की घरातलं दुसरं पोरगं भरतीच्या रांगेत कमी दिसतं. टेंभूचं पाणी ज्या गावांना पोचलं तिथं डाळिंबाची, उसाची भाषा सुरू झाली. मग मी कधी कधी विचार करतो, टेंभूचा कालवा हाही एका अर्थानं संरक्षण खर्चावर परिणाम करणारा प्रकल्प आहे. दिल्लीत हे कुणाला सांगितलं तर हसतील.

निवडणुकीत मी दोन्ही जिल्ह्यांत फिरतो. आमच्या उमेदवारांना मी गेल्या तीन लोकसभांना एकच प्रश्न विचारलाय: संरक्षणावर किती खर्च व्हावा आणि कशावर? कुणीही उत्तर दिलं नाही. भरती मेळावा आणतो म्हणतात, कॅन्टीन वाढवतो म्हणतात, स्मारक बांधतो म्हणतात, एकानं तर गावाच्या वेशीत जुना रणगाडा आणून देतो म्हणून सांगितलं. खर्च कमी करा म्हणणारा देशद्रोही ठरतो, पेन्शन कमी करा म्हणणारा पडतो, आणि कर वाढवा म्हणणारा उभाच राहत नाही. मग हा प्रश्न सुटतो कसा? ज्याचा आवाज अजून फुटलेला नाही त्याच्यावर तो ढकलून. १९६३ ला तो सोनारांवर गेला. २०२२ ला अठरा वर्षांच्या पोरांवर गेला.

माझ्या त्या लेखातला हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही. १ लाख ६१ हजार कोटी हा आकडा कुणाच्या रडण्यानं बदलत नाही. पण त्या लेखात एक गोष्ट लिहायची मी टाळली होती. मी ज्या शिडीनं वर आलो ती काढून घेणं बरोबर आहे, असं मी वर चढून बसल्यावर लिहिलं. आणि शिडी काढायची तर त्या जागी पायरी कुठली, हे ना सरकारनं नीट सांगितलं, ना मी विचारलं. केंद्रीय पोलीस दलांत अग्निवीरांना दहा टक्के जागा राखीव ठेवू, असं २०२२ ला जाहीर झालं होतं. दहा टक्के त्या भरतीच्या, पंच्याहत्तर टक्के पोरांसाठी. त्यातली आमच्या भागातली किती बसतील ते तुम्हीच बघा.

गाडीवरून येताना आईनं मागून विचारलं, "न्हाय रं, आपल्या पोराला पण असाच अंगठा द्याय लागंल का पुढं?" मी म्हटलं, "नाही आई, त्याला पेन्शन नाही." ती बराच वेळ बोलली नाही. पुसेगाव मागं पडल्यावर म्हणाली, "मग माझ्यातली थोडी त्याला लावता यील का, इचार की त्या सेंटरवाल्याला."

डिसेंबरात भाचा सुट्टीवर येतोय. बहिणीनं मला बजावलंय की त्याच्यासमोर आकडे काढायचे नाहीत. पोलीस भरतीची दोन पुस्तकं आणून ठेवलीत, आणि दहिवडीकडचं अजून एक स्थळ आहे, ते बघायला मला नेणार आहेत. पोरीच्या बापानं विचारलंच तर तू बोल, असं बहीण म्हणाली, तू शिकलेला हायस.